भिंतीकडे तोंड

दार ढकलून दिवा लावला तेव्हा क्षणभर त्याला वाटलं, आपण दुसऱ्याच कुणाच्या खोलीत शिरलो. पण खोली त्याचीच होती. भिंतींना मारलेल्या बांबूच्या पट्ट्या, फुगलेल्या काटेरी माशाच्या पोटात बल्ब बसवून केलेला दिवा, दाराला शंखशिंपल्यांचा पडदा, वेताची खुर्ची, सगळं जिथल्या तिथे होतं. फक्त चेहरे नव्हते. म्हणजे होते, पण एकूण एक त्याच्याकडे पाठ करून होते. लाकडी मुखवटे भिंतीकडे तोंड करून टांगलेले. फळ्यांवरचे चेहऱ्यांच्या घाटाचे मातीचे मग, वर्गात शिक्षा झालेल्या पोरांसारखे, ओळीने मागे वळवलेले. इतक्या वर्षांत त्याने त्यांच्या पाठी अशा एकत्र कधी पाहिल्या नव्हत्या. रंग न दिलेलं कच्चं लाकूड, खिळ्यांची टोकं, गोंदाचे ओघळ, एकावर कारखान्याचा अर्धवट शिक्का. समोरून एवढे दात विचकून आरोळी ठोकणारे हे वीर पाठीमागून नुसती फळकुटं होती. भर रस्त्यात आपलेच कपडे कुणी ओढावेत तसं त्याला झालं, आणि खांद्यावरची पिशवी न उतरवताच तो तिथे उभा राहिला.

आज घरी सभा होती हे त्याला ठाऊक होतं. बायकोच्या मंडळाची प्रार्थना दर आठवड्याला कुणा ना कुणाकडे भरायची, आणि मंडळाचा एक नेम होता. प्रार्थनेच्या वेळी माणसांनी डोळे मिटायचेच, पण घरातला दुसरा कुठलाही चेहरा उघड्या डोळ्यांनी बघत राहता कामा नये. म्हणून सभेआधी फोटो भिंतीकडे वळवायचे, बाहुल्या पालथ्या घालायच्या, बिस्किटांच्या डब्यावरचं हसरं बाळसुद्धा मागे फिरवायचं. सभा संपली की सगळं पुन्हा सरळ. देवाशी बोलताना मध्ये कुणी बघ्या नको, एवढाच त्यातला हेतू. त्याला यात कधी वावगं वाटलं नव्हतं. उलट सभेला आलेल्या बायका घाईघाईने कॅलेंडरवरच्या नटीला उलटं फिरवताना पाहून त्याची करमणूकच व्हायची. पण आता आत येताना त्याने पाहिलं होतं, पुढच्या खोलीतले सगळे फोटो सरळ झाले होते. त्याचे वडील, सासू-सासरे, लग्नातले ते दोघं, डब्यावरचं बाळ, सगळ्यांची सुटका झाली होती. या खोलीतल्यांची तेवढी राहिली होती.

"विसरलात वाटतं," तो बाहेर येऊन म्हणाला. ताई खुर्च्या एकात एक घालून रचत होती. ताई म्हणजे बायकोची थोरली बहीण. मंडळाचा सगळा कारभार तिच्या हातात, आणि आईमागे धाकटीला तिनेच वाढवलेलं असल्यामुळे या घराचाही अर्धाअधिक.

"विसरले नाही," ताई म्हणाली. "ठेवलेत. राहू देत तसेच."

"कधीपर्यंत?"

"हिचा आवाज परत येईपर्यंत."

बायको खिडकीशी बसली होती. तिने त्याच्याकडे पाहिलं आणि नजर खाली घेतली. थंडीत आलेल्या तापात तिचा आवाज बसला होता, ताप उतरला तरी उठला नव्हता. डॉक्टरांनी नळी घालून घसा पाहिला, दोष काही सापडला नाही. येईल आपोआप, कधी ते सांगता येत नाही, म्हणाले. ती शिशुवर्गाची शिक्षिका. तिच्या एका हाकेवर अख्खा वर्ग चिडीचूप व्हायचा. शाळेने आता तिला वर्गावरून काढून सामानाच्या खोलीत बसवलं होतं, मागेल त्याला कागद आणि रंग काढून द्यायला. आणखी थोडे दिवस बघू, असं मुख्याध्यापिका म्हणाल्या होत्या. घरी ती नुसते ओठ हलवायची आणि त्याला सगळं कळायचं. जन्मभर कवळ्यांचं, म्हणजे तोंडातलंच काम केलेल्या माणसाला ते काही अवघड नव्हतं. पण त्यासाठी तिच्याकडे बघत राहावं लागे, आणि ती बोलते आहे हे पाठमोरं असताना कळायला आता काही मार्ग उरला नव्हता.

"एवढी तोंडं आ वासून बसलीत तुमच्या त्या खोलीत," ताई म्हणाली. "दिवसरात्र. प्यायलेत ते तिचा आवाज."

"ताई, लाकूड आहे ते. आणि ते मग आहेत. हॉटेलात लोक त्यांतून दारू प्यायचे, फळांचा रस प्यायचे. त्यांच्यातून प्यायचं असतं, ते नाही कुणाचं काही पीत."

"मग ठेवता कशाला?"

"आवड म्हणून."

"आवड." ताईने शेवटची खुर्ची रचली. "रोज संध्याकाळी दिवा लावून त्यांच्यापुढे बसता, तेही आवड म्हणूनच. ब्रशने पुसता, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही. आम्ही याला वेगळं नाव देतो."

खरं तर सारी गंमत अशी होती की तो देवाला जेवढा नाकारत होता त्याच्या दसपट या टिकींना नाकारत होता. बाजारात या मालाला टिकी म्हणत. समुद्रापलीकडच्या कुठल्याशा बेटांवरचे जुने लाकडी देव. ती बेटं स्वप्नातही न पाहिलेल्या लोकांनी दारूच्या हॉटेलांसाठी त्यांची वेडीवाकडी नक्कल केली. ती फॅशन ओसरली, हॉटेलं बंद पडली आणि देव भंगारात आले. त्यांच्यापुढे कधी कुणी डोळे मिटले नव्हते. कुणी काही मागितलं नव्हतं. त्यांच्यावर रागावण्याइतकासुद्धा त्यांच्यावर कुणाचा विश्वास नव्हता. हेच तर त्याला आवडलं होतं, पण हे ताईला कसं सांगायचं?

त्याच्या लहानपणी घरची प्रार्थना वडील सांगायचे. सगळी मोठी माणसं डोळे मिटून गोल बसलेली, आणि मध्ये वडिलांचा एका लयीत वाहणारा आवाज. त्याला डोळे मिटवत नसत. मिटले की वाटायचं, उघडू तेव्हा कुणी नसेल. म्हणून तो बघत राहायचा. बंद दारांसारखे ते चेहरे, मामाचं थरथरणारं नाक, आत्याच्या मिटल्या पापण्यांखाली इकडून तिकडे फिरणारी बुबुळं. मग वडिलांच्या प्रार्थनेत, तिचा ओघ जराही न तुटता, त्याच आवाजात, त्याच सुरात दोन शब्द यायचे: डोळे मीट. आणि प्रार्थना पुढे जायची. इतरांना वाटत असेल, तेही देवालाच म्हटलं. तो दचकून वर बघायचा तर वडिलांचा एक डोळा उघडा, त्याच्यावर रोखलेला. प्रार्थना संपल्यावरही तो डोळा मिटत नसे. कप फुटला तर वडील त्यात काही सांगणं आहे म्हणत, परीक्षेत नापास झाला तर त्यातही. घरात बिनअर्थाचं असं काही नव्हतंच. कपाटाची करकरसुद्धा कसली ना कसली सूचना असायची. वडील गेले तेव्हा तो रडला, आणि रडता रडता त्याला वाटलं की आता एखादी वस्तू नुसती वस्तू म्हणून हातात धरता येईल. मनात आलेल्या या गोष्टीची त्याला तेव्हा लाज वाटली होती. अजूनही कधी कधी वाटायची.

दातांच्या लॅबमध्ये तो कवळ्या करायचा. डॉक्टरांकडून तोंडाचे साचे येत, त्यांत प्लास्टर ओतून जबडे काढायचे, गुलाबी मेणात दात रोवायचे, वरची खालची रांग जुळते का पाहायची. ज्यांची तोंडं त्याच्या टेबलावर मांडलेली असत ती माणसं त्याला कधी भेटत नसत. एक दिवस लॅबवरून परतताना जुन्या सामानाच्या दुकानात त्याला पहिला मग दिसला. त्याने आधी दात पाहिले, सवयीने. पुढचे दात दाढांएवढे रुंद, सगळे चौकोनी, सुळा औषधालाही नाही, वरचे आणि खालचे विटा रचल्यासारखे एकावर एक. या जबड्याने उकडलेला बटाटासुद्धा चावता आला नसता. त्याला हसू फुटलं. दुकानात एकटा उभा राहून तो डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला, आणि मग घरी घेऊन आला. बायकोने तो उलटसुलट करून पाहिला. "अगोबाई, हा तर थेट तुझा साहेब!" ती म्हणाली होती. तिच्या त्या मोकळ्या, वर्गभर पोहोचणाऱ्या आवाजात. मग दोघं मिळून हसली होती. त्या साहेबाच्या शेजारी दुसरा आला, तिसरा आला, फळी झाली, भिंत झाली, खोली झाली.

मोठा मुखवटा सगळ्यात शेवटी आला. छातीएवढा उंच, पुढचे दोन दात तुटलेले. त्याने लॅबमध्ये दुपारच्या सुट्टीत त्याला कवळीच्या मसाल्याचे दोन दात करून बसवले. इतर दात पिवळ्या रंगाचे, ठोकळ्यांसारखे, आणि मध्ये हे दोन नीटस, ओलसर चमक असलेले, माणसाचे. रंगाच्या नमुन्यांची पट्टी समोर असताना त्याने ती न बघताच रंग निवडला होता. बऱ्याच दिवसांनी जेवताना बायको कशालातरी हसली, आणि त्याच्या ध्यानात आलं की तो रंग कुठून आला. डावा दात उजव्यावर किंचित चढलेला, तोही तसाच केला गेला होता. त्याला आतून गुदगुल्या झाल्यासारखं वाटलं. एवढ्या वर्षांच्या संसारात हाताने असं काही आपल्याला न विचारता करून टाकावं! पण त्यात मुद्दाम सांगण्यासारखं काय होतं? त्याने सांगितलं नाही. आणि आता सांगायची सोय राहिली नव्हती. मंडळातल्या एका बाईने ते दात पाहिले आणि पुढच्या सभेपर्यंत बातमी झाली होती की हा मेलेल्या माणसांचे दात काढून आणतो आणि त्या भुताला लावतो. त्यावर तो हसला असता. पण त्या दातांची खरी गोष्ट ताईला कळली असती तर भुताटकीला आणखी कुठला पुरावा लागला असता? मुखवट्याच्या तोंडात हिचे दात, आणि हिच्या तोंडात आवाज नाही. हे कोडं रचायला आपणच बसलो होतो की काय, असं त्याला वाटायला लागलं, आणि असं वाटल्याचीच त्याला भीती वाटली.

सभेच्या त्या दिवसापासून तो खोलीत गेला की पाठींसमोर बसायचा. एकही चेहरा त्याने सरळ केला नाही. सरळ करणं म्हणजे ताईशी उघड भांडण, आणि त्या भांडणात बोलायला बायकोकडे आवाज नव्हता. काढून टाकावेत, तर ते प्यायले हे आपणच कबूल केल्यासारखं. त्यानंतर आवाज आला, तर जन्मभर या घरात ताईचं खरं ठरणार. पुन्हा कप फुटला की त्यात सांगणं, कपाट वाजलं की त्यात सूचना. आवाज नाहीच आला, तर ताई आणखी काहीतरी शोधणार, वेताची खुर्ची, काटेरी मासा, शेवटी तो स्वतः. आणि ठेवावेत, तर बायकोची प्रत्येक मुकी संध्याकाळ त्याच्या नावावर. तो चांगलाच कात्रीत सापडला होता. खोलीत हवा तेवढीच होती, पण त्याला खिडकी उघडावीशी वाटे, आणि उघडल्यावर वाटे की ती उघडीच होती.

मग एक दिवस आजोबा आले. मंडळातले सगळ्यात वयस्क गृहस्थ. सगळेच त्यांना आजोबा म्हणत. ताईनेच पाठवले असणार. ते शिंपल्यांच्या पडद्यातून वाकून आत आले, वेताच्या खुर्चीत बसले, आणि म्हणाले, "एखादा बघू का?" त्याने एक मग त्यांच्या हातात दिला. आजोबांनी तो बराच वेळ पाहिला.

"कुणाचे तरी देव आहेत हे, बरं का," ते म्हणाले.

"नक्कल आहे, आजोबा. हॉटेलवाल्यांनी केलेली. तीही धड नाही."

"असेना. आम्ही तरी काय अस्सल पाहिलंय?" ते हसले. "तुम्ही काय मागता यांच्याकडे?"

"काही नाही. मी मानतच नाही यांना."

"रोज येऊन बसता, आणि काही मागत नाही." आजोबांनी मान हलवली. "मला अजून नाही जमलं हो ते. मी डोळे मिटले की मागायलाच लागतो. गुडघ्यापासून सुरुवात." त्यांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. "ताईचं मनावर घेऊ नका. तुम्ही आमच्यातलेच आहात." आणि उठताना त्यांनी तो मग फळीवर ठेवला, अदबीने, भिंतीकडे तोंड करून.

ताईचा राग त्याला सोसला होता. रागाला निदान बाहेरची बाजू असते, तिथे उभं राहता येतं. पण या म्हाताऱ्याच्या मायेने त्याला उचलून थेट प्रार्थनेच्या गोलात नेऊन बसवलं होतं. एक म्हणते भूत, दुसरे म्हणतात देव, आणि नुसती वस्तू म्हणायला जगात कुणी तयार नाही. आजोबा गेल्यावर त्याने खुर्चीकडे पाहिलं. ती मोठ्या मुखवट्याच्या बरोबर समोर होती. तिथे कधी ठेवली, का ठेवली, त्याला आठवेना. त्याने ती ओढून बाजूला केली. थोड्या वेळाने बाजूला केली याचाच त्याला राग आला, आणि त्याने ती पुन्हा होती तिथे आणली.

शेवटी त्याला मोडलं ते एका चमच्याने. सकाळी तो चहा गाळत होता, तिच्याकडे पाठ होती. मागून ताटलीवर चमचा वाजला. त्याने वळून पाहिलं नाही, वाटलं पडला असेल. पुन्हा वाजला. मग पुन्हा, जोरात, एकसारखा. तो वळला तर बायको उभी होती, हातात चमचा, चेहरा लाल, ओठ त्याच्या नावाचा आकार करून थांबलेले. साधी साखर हवी होती तिला. ती लगेच ओशाळून हसली, पण तो हसू शकला नाही. आपल्याला हाक मारायला हिला ताटली बडवावी लागते. अर्थ आणि बिनअर्थ गेले खड्ड्यात, त्याने मनाशी म्हटलं.

लॅबमधल्या प्लास्टरवाल्याचा भाऊ फळांच्या रसाचं दुकान टाकत होता, त्याला असलं काहीतरी भिंतीवर लावायला हवंच होतं. दुपारीच बोलणं झालं. साहेबांना सांगून तो लवकर निघाला आणि जबड्यांची रिकामी खोकी दोरीने बांधून घरी आणली. रस्त्याने त्याला हलकं वाटत होतं. मी हे ताईसाठी करत नाही, तो स्वतःला समजावत होता, आवाज प्यायले म्हणून तर नाहीच नाही. हिला बरं वाटावं म्हणून फक्त. हे त्याला पुन्हा पुन्हा म्हणावं लागत होतं, तेव्हा ते कितपत खरं हे त्यालाही कळत होतं. पण निदान रिकामी खोली मिळेल. पांढऱ्या चार भिंती. त्यांचा अर्थ लावायला कुणी येणार नाही.

शिंपल्यांच्या पडद्याखाली बायकोच्या चपला होत्या. खोलीत ती कधी एकटी जात नसे. त्याने पडदा आवाज होऊ न देता बाजूला केला. सगळ्या पाठी होत्या तशाच होत्या, फक्त मोठा मुखवटा सरळ केलेला होता. त्याच्यापुढे माशाचा दिवा लावलेला. ती अगदी जवळ उभी होती, तिचं तोंड त्याच्या उघड्या तोंडापाशी. बाजूने तिचे ओठ दिसत होते आणि ते वाचता येत होते. दे. माझा मला परत दे.

"काय करतेस?"

ती दचकली नाही. वळून तिने त्याच्याकडे पाहिलं, आणि ओठांनी, सावकाश, मुलांना समजावावं तसं सांगितलं: ज्याने घेतला त्याच्याकडेच मागायला नको का?

"ताईला माहीत आहे?"

तिने मान हलवली. नाही. मग हात हवेत मागे मागे नेला, म्हणजे हे पुष्कळ दिवसांपासून. शाळेतून आल्यावर, तो लॅबमध्ये असताना. तो संध्याकाळी ज्या पाठींसमोर बसायचा, त्यांतली एक रोज दुपारी फिरवली जात होती आणि पुन्हा नीट लावली जात होती. तिने मुखवट्याच्या त्या दोन दातांवर बोट ठेवलं, मग स्वतःच्या दातांवर. माझेच आहेत ना?

"हो," तो म्हणाला. खोटं बोलायला त्याला सुचलंच नाही. "पण ते तसं नाही. मला तुझी... रंग फक्त. हाताने आपोआप झालं ते."

म्हणूनच, ओठ म्हणाले. म्हणूनच वाटलं, हा ऐकेल माझं.

तिला खोकी दिसली. तिने पुढे होऊन त्याच्या हातातून ती काढून घेतली आणि खाली ठेवली. न्यायचे नाहीत. तो बोलू लागला, भराभर, की हे कारखान्यातलं लाकूड आहे, मागे शिक्का आहे बघ, डॉक्टर म्हणालेत येईल आपोआप, कशाला या भानगडीत पडतेस, तू तरी. त्याच्या तोंडावर तिने हात ठेवला. मग त्याला दंडाला धरून तिने आपल्या शेजारी उभं केलं, मुखवट्यासमोर, वेताच्या खुर्चीच्या अलीकडे.

"डोळे मीट," ती म्हणाली.

म्हणाली. आवाज फाटका होता, गंजलेलं दार उघडल्यासारखा, पण आवाज होता. तिचाच होता. त्याला तिला मिठी मारायची होती, ओरडायचं होतं, डॉक्टरांना फोन करायचा होता. "पुन्हा बोल," तो म्हणाला. "काहीही बोल."

पण ती त्याच्याकडे बघत नव्हती. तिचा चेहरा मुखवट्याकडे होता, उजळलेला, आणि ती पुटपुटायला लागली होती, खरखरत, अडखळत, थांबली तर पुन्हा जाईल या भीतीने न थांबता. दिलास, ऐकलंस, राहू दे, काढून घेऊ नकोस. आणि त्याच ओघात, त्याच सुरात, जराही न तुटता, पुन्हा: डोळे मीट.

त्याने मिटले. आत अंधार होता आणि अंधारात तिचा आवाज होता. या आवाजासाठी त्याने काय वाटेल ते दिलं असतं, आणि आता तो शेजारी उभा राहून तो ऐकत होता. त्याला आनंद झाला होता. पापण्यांमागे त्याची बुबुळं इकडून तिकडे फिरत होती. उघडू तेव्हा कुणी नसेल, असं त्याला लहानपणासारखं वाटलं, आणि त्याने डावा डोळा अगदी किंचित किलकिला केला.

ती प्रार्थना करत होती. तिचा एक डोळा उघडा होता आणि तो त्याच्यावर रोखलेला होता. त्याने आपला घट्ट मिटून घेतला.